दादासाहेब विलायतेत, घर अमरावतीत

२२ जुलै १९०८ रोजी लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि काही आठवड्यांतच अमरावतीचे वकील गणेश श्रीकृष्ण उर्फ दादासाहेब खापर्डे विलायतेला निघाले. प्रिव्ही कौन्सिलपर्यंत दाद मागायची, तिथले लोकमत वळवायचे, यासाठी ते गेले. परतायला १९१० उजाडले.

खापर्ड्यांची वकिली तेव्हा ऐन भरात होती. ‘वऱ्हाडचे नवाब’ म्हणवला जाणारा माणूस. नगरपालिका आणि जिल्हा बोर्डाच्या कामात वर्षानुवर्षे रमलेला, १८९७ च्या अमरावती काँग्रेसचा स्वागताध्यक्ष. असा वकील दोन वर्षे गावात नाही म्हणजे काय होते, ते कोणत्याही बाररूममध्ये विचारा. पक्षकार थांबत नाही, तारीख तर नाहीच नाही.

टिळकांची शिक्षा टळली नाही. तरीही मित्रासाठी चालती वकिली सोडून जाणारा हा माणूस मला फार मोठा वाटतो. पण ‘खापर्ड्यांनी त्याग केला’ असे म्हणताना आपण एकाच माणसाचे नाव घेतो. मिळकत थांबली तेव्हा पाहुण्यांनी गजबजलेला तो संसार त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना चालवायचा होता. खापर्ड्यांनी इंग्रजीत रोजनिशी लिहिली. तीत नोंदलेले त्यांचे शिर्डीतले दिवस आपण आजही वाचतो. लक्ष्मीबाईंच्या हातचे तसे काही आपल्यापुढे नाही. ही उणीव मला सलते. दोघांनी मिळून दिलेले आपण एकाच्या खात्यावर जमा केले.

आज नागपूरजवळच्या बुटीबोरीत ही गोष्ट सांगावीशी वाटते. तिथे एमआयडीसी आली, ग्रामपंचायतीची नगरपरिषद झाली. जमिनीचे आणि कामगारांचे दावे लढणाऱ्या एखाद्या तरुण वकिलाला प्रभागातून उभे राहावेसे वाटले, तर त्याने जरूर राहावे. कायदा जाणणारी, सभेत ठरावाचा मसुदा नीट वाचून मग हात वर करणारी माणसे तिथे हवीतच. मात्र अर्ज भरण्याआधी त्याने घरात हिशेब मांडावा: कोर्टाचे किती दिवस जातील, फी किती बुडेल, मुलांची शाळा आणि म्हाताऱ्या आईचे औषधपाणी कोण पाहील. बायको ‘नको’ म्हणाली, तर तेही ऐकून घ्यावे. आणि ‘हो’ म्हणाली, तर प्रचाराच्या पहिल्या सभेत तिचा वाटा किती, ते आकड्यांसकट सांगावे.