आधी अख्खा डोंगर

मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवायचं ठरवलं, की बहुतेक आईबाप पहिल्याच आठवड्यात एक वेळापत्रक आखून फ्रिजवर चिकटवतात. नऊ ते दहा गणित, दहा ते अकरा मराठी, मग परिसर अभ्यास. शाळा सोडली, पण तासांची घंटा तेवढी घरी आणली. त्यांना तरी काय बोलणार, आपण सगळे तसेच शिकलो. पण शाळा विषयांचे कप्पे पाडते ते बरंचसं सोयीसाठी. एका वर्गात चाळीस-पन्नास मुलं, गणिताला एक बाई, भूगोलाला दुसरे सर. कप्प्यांशिवाय त्यांचं भागत नाही. घरी आई एकच, मूल एक किंवा दोन. तिथे कप्प्यांचं काय काम?

या प्रश्नावर मारिया माँटेसरींनी भारतात राहून बराच विचार केला, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून त्या 1939 साली मद्रासला, अड्यारला आल्या तेव्हा एकोणसत्तर वर्षांच्या होत्या. पुढच्याच वर्षी इटली युद्धात उतरली आणि इंग्रज सरकारच्या लेखी बाई शत्रुराष्ट्राच्या ठरल्या. मुलगा मारिओ याला स्थानबद्ध केलं, तो सुटला बाईंच्या सत्तराव्या वाढदिवशी. युद्ध सरेपर्यंत दोघं इथेच राहिली. त्यातली 1942 ते 1944 ही वर्षं कोडाईकनालच्या थंड डोंगरात गेली. तोवर बाईंचं नाव जोडलं गेलं होतं ते मुख्यतः बालवाडीशी, लाकडी ठोकळ्यांशी आणि मण्यांच्या माळांशी. कोडाईला त्यांच्याभोवती थोडी मोठी मुलंही होती, आणि सहा ते बारा या वयाला काय हवं असतं याची त्यांची मांडणी तिथे पक्व झाली. जगभर ती ‘कॉस्मिक एज्युकेशन’ म्हणून ओळखली जाते. तिचं सार एवढंच, की या वयाच्या मुलाला आधी अख्खं विश्व द्यावं आणि तपशील मागाहून.

हे आपल्या सवयीच्या अगदी उलट आहे. आपण सोप्याकडून अवघडाकडे, गावाकडून तालुक्याकडे, तालुक्याकडून जिल्ह्याकडे असे जिने चढवतो. मूल मात्र सातव्या वर्षी विचारतं, सगळ्यांच्या आधी काय होतं? डायनासोर होते तेव्हा पणजोबा होते का? आणि आपण म्हणतो, ते पुढच्या इयत्तेत येईल. पुढच्या इयत्तेत ते येतंही, पण तोवर विचारणारा गप्प झालेला असतो. मग माहिती पाठ होते आणि परीक्षेनंतर गळून जाते, कारण ती अडकवायला खुंटीच नसते.

अख्खं विश्व द्यायचं म्हणजे घरी नेमकं काय करायचं? स्वयंपाकघरातल्या पाट्यापासून सुरुवात करून बघा. पाटा गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावून घेतात, तो काळा दगड. तो आला कुठून? सह्याद्रीतून. आणि सह्याद्री? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वर आला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा नवा थर. खंडाळ्याच्या घाटात पावसाळ्यात गाडीच्या खिडकीतून पाहिलं तर कड्यांवरच्या आडव्या पायऱ्या स्पष्ट दिसतात, ते हेच थर. आज उरलेला हा पसारा सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरचा आहे. त्याच दगडात अजिंठ्याची लेणी कोरली. वेरूळचं कैलास मंदिर तर कळसाकडून खाली कोरत आणलं. दगड अखंड असल्याशिवाय हे धाडस कोण करील? तोच दगड झिजून काळी माती झाली, काळ्या मातीत कापूस पिकला. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, तेव्हा आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. याच दगडात पाणी फारसं साठत नाही, म्हणून चार महिने कोसळूनही घाटमाथ्यावरच्या कितीतरी गावांत मे महिन्यात टँकर येतो.

यात भूगोल कुठे संपला आणि इतिहास कुठे लागला? मुलाला तो प्रश्न पडत नाही. फ्रिजवरच्या वेळापत्रकाला पडतो.

मात्र नुसत्या गोष्टी सांगत सुटलं तर ते कीर्तन होतं, शिक्षण नव्हे. मोठ्या चित्राच्या नावाखाली ग्रहगोलांचे झगमगाटी व्हिडिओ दाखवणारे पालक मला काळजीत टाकतात. मूल तोंड उघडं टाकून बघतं, म्हणजे ते चकित झालंच असं नाही. गोष्ट आखूड हवी, आणि तिच्यात भोकं हवीत. ती बुजवण्याचं काम मुलानं आपल्या हातांनी करायचं.

उदाहरणार्थ, सेहेचाळीस मीटर सुतळी घ्या आणि गच्चीवर किंवा सोसायटीच्या आवारात पसरा. पृथ्वीचं वय सुमारे 460 कोटी वर्षं. म्हणजे एक मीटरला दहा कोटी वर्षं, एका सेंटिमीटरला दहा लाख. आता खुणा मुलानंच करायच्या. आजच्या टोकापासून मागे मोजत गेलं की पाट्याचा दगड 66 सेंटिमीटरवर येतो. पहिले डायनासोर सुमारे दोन मीटर तीस सेंटिमीटरवर. आपली मानवजात तीन मिलिमीटरवर, आणि शेती? दहा हजार वर्षं म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग. पेनाची रेघही त्याहून जाड पडते. ही खूण करायची कशी, असं मूल अडून विचारतं, आणि दशांश अपूर्णांकाची गरज त्याला तिथे पहिल्यांदा लागते. सुतळीवर खुणा करून पाढे येत नाहीत, हेही कबूल. पाढे, शुद्धलेखन, भागाकार यांचा सराव रोजचा रोज करावाच लागतो. पुढे मुक्त विद्यालयाची दहावी द्यायची असेल तर फारच. फरक एवढाच, की आपण हे कशासाठी घोटतोय हे मुलाला ठाऊक असतं.

महागड्या साधनांवाचून अडत नाही, हे तर ताराबाई मोडकांनी कधीच दाखवून दिलं आहे. त्यांनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केलं आणि माँटेसरीची पद्धत शिंपले, बिया, खडे घेऊन गरिबांच्या पोरांपर्यंत नेली. सुतळी वाण्याकडे मिळते.

पालकाला धास्ती असते ती वेगळीच: मुलानं विचारलं आणि मला आलं नाही तर? सुतळीवर 66 सेंटिमीटरच्या खुणेशी मूल थांबेलच, कारण डायनासोर संपले तेही तिथेच. मग आपल्या दगडानं मारलं का त्यांना? मेक्सिकोच्या किनाऱ्यावर तेव्हाच एक प्रचंड अशनी आदळला, आणि बहुतेक शास्त्रज्ञ मुख्य दोष त्याला देतात. आपल्या ज्वालामुखीचा वाटा किती, यावर अजून वाद चालू आहे. तो वाद आहे तसाच मुलापुढे मांडावा आणि तुला कुणाचं पटतं ते विचारावं. माझ्या ओळखीतली एक मुलगी ज्वालामुखीच्या बाजूची आहे. सह्याद्री आपला म्हणून, असं ती सांगते. पुरावा म्हणून हे चालणार नाही, हे तिच्या धाकट्या भावानं तिला ऐकवलं आहे.