दुखणेकऱ्याचा आनंद

गेल्या कार्तिकात माझ्या हर्नियाची शस्त्रक्रिया झाली. चार दिवसांनी मी जसोंडीस परतलो, तेव्हा डॉक्टरांच्या दोन आज्ञा माझ्यासोबत होत्या : सहा आठवडे वजन उचलू नये, आणि रोज थोडे थोडे चालत राहावे. पहिली आज्ञा घरच्या मंडळींनी इतक्या कसोशीने पाळविली की पाण्याचा तांब्यादेखील माझ्या हाती लागेना. दुसरीने मात्र एक प्रश्न उभा केला. तो प्रश्न आपल्या मंदिराच्या सभासद कुटुंबांतही वेळोवेळी उद्भवत असेल, म्हणून येथे मांडण्याचे धाडस करीत आहे.

तिसऱ्या आठवड्यात थोरल्या बहिणीने रावेरला बोलावले. मार्गशीर्ष लागलेला, वांगी भरात आलेली. भरीत आणि कळण्याची भाकरी यांचा बेत होता. भाचे, नाती, जावई अशी सारी मंडळी जमली. मी पोटाशी उशी धरून हसलो, कारण हसताना टाके ओढत. पुढल्या रविवारी इच्छापूरला गेलो. पायऱ्या चढण्याची मला मनाई असल्यामुळे घरची मंडळी देवीच्या दर्शनास वर गेली आणि मी पायथ्याशी, ऊन अंगावर घेत, येणाऱ्याजाणाऱ्यांना पाहत बसलो. एका सायंकाळी बऱ्हाणपुरास राजघाटावर तापीचे पाणी पाहिले. खरे सांगावयाचे तर गेल्या वीस वर्षांत इतके निवांत दिवस माझ्या वाट्याला आले नव्हते.

गावात परतल्यावर पारावरचे एक स्नेही हसत म्हणाले, "आप्पा, मळ्यात वाकायला कंबर कुरकुरते, पण भरिताला बरी वाकते की!" बोलण्यात विष नव्हते. तथापि ते शब्द रात्री उशाशी येऊन बसले. माझ्या वाट्याचे काम धाकटा भाऊ करीत होता. केळीला पाणी देण्यासाठी रात्री-अपरात्री, वीज येईल तेव्हा, तो उठत होता. मला कामातून सुटका मिळाली होती ती दुखण्यामुळे. मग त्या सुटकेत सुख भोगण्याचा अधिकार मला कोणी दिला?

हा प्रश्न वाटतो तितका क्षुद्र नाही. महात्मा गांधींच्याही आयुष्यात तो एकदा, फार मोठ्या स्वरूपात, येऊन गेला आहे. मार्च १९२२ मध्ये त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. येरवड्याच्या तुरुंगात असताना त्यांना आंत्रपुच्छाचा विकार जडला आणि १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली व अखेरचा भाग कंदिलाच्या उजेडात उरकावा लागला. ज्यांनी १९०९ साली 'हिंद स्वराज्य'मध्ये डॉक्टर आणि रुग्णालये यांच्यावर कठोर टीका केली होती, त्यांनाच शस्त्रवैद्याच्या हाती देह सोपवावा लागला. पुढे ५ फेब्रुवारीस सरकारने त्यांना मुक्त केले. त्यावर त्यांनी महंमद अली यांना लिहिलेल्या पत्रात, अशा सुटकेने आपल्याला आनंद होऊ शकत नाही, कैद्याचे आजारपण हे त्याच्या सुटकेचे कारण ठरू नये, असा आशय स्पष्टपणे व्यक्त केला. न कमावलेल्या सुटकेचा आनंद कसा मानावा, असा त्यांचा पेच होता.

आणि तरीही मार्च महिन्यात ते जुहूच्या समुद्रकाठी विश्रांतीसाठी राहावयास गेलेच. तेथे मोतीलाल नेहरू कुटुंबीयांसह आले. कौन्सिलप्रवेशासंबंधी गंभीर वाटाघाटी झाल्या आणि त्यांतून एकमत काही झाले नाही. परंतु जवाहरलालजींनी आपल्या आत्मचरित्रात त्या दिवसांविषयी लिहिताना वाटाघाटींसोबत समुद्रात पोहणे, वाळूवर धावणे आणि घोड्यावर बसणे यांचीही आठवण ठेवली आहे. देश केवढ्या गोंधळात होता! पण बऱ्या होत चाललेल्या माणसाभोवती माणसे जमली की थोडी सुट्टी आपोआप जमते. तिला बोलवावे लागत नाही.

आपल्याकडील प्राचीन शस्त्रवैद्यांनी याचा विचार केलेला आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील एकोणिसावा अध्याय, व्रणितोपासनीय, हा सर्वस्वी जखमी माणसाच्या शुश्रूषेला वाहिलेला आहे. त्याला कसे घर द्यावे, कशी शय्या द्यावी, काय खाऊ घालावे हे तर त्यात आहेच. पण गोड बोलणाऱ्या, मनाजोगत्या सुहृदांनी जवळ बसून गोष्टी सांगाव्यात, त्यायोगे व्रणाची वेदना हटते, असेही त्यात सांगितले आहे. म्हणजे आप्तांची भेट ही तेथे चैन नसून उपचार आहे. त्याच अध्यायात दिवसा झोपण्यास मनाई आहे, तशीच शोक आणि क्रोध यांनाही आहे. आणि अति श्रमालाही आहे. एका जागी पडून राहणे व राबणे यांच्यामधली जी जागा उरते, तिच्यातच रुग्णाने राहावे असा त्याचा रोख दिसतो.

पाश्चात्त्य वैद्यकाला मात्र यातल्या काही गोष्टी नव्याने शिकाव्या लागल्या. एके काळी पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला दोन-तीन आठवडे अंथरुणावर खिळवून ठेवीत. १८९९ मध्ये शिकागोच्या डॉ. एमिल रीस यांनी रुग्णांना लवकर उठविण्याचा पुरस्कार केला. परंतु ही रीत सर्वत्र रूढ होण्यास १९४० नंतरचा काळ उजाडावा लागला. पडून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात व फुप्फुसांत कफ साचतो, हे आता सर्वमान्य आहे. पुढे १९८४ साली रॉजर अल्‌रिच यांनी पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या ४६ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे पाहणारे सरासरीने थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामक औषधेही कमी तीव्रतेची पुरली. पाहणी लहान आहे. तिच्यावर मोठा इमला बांधू नये. पण इच्छापूरच्या पायथ्याशी बसलेल्या मला ती आठवून बरे वाटले, हे कबूल करतो.

तेव्हा आनंदाने शरीर बरे होते, एवढे सांगून सुटता येईल काय? मला तसे वाटत नाही. औषध म्हणून घेतलेला आनंद ही पुन्हा एक पळवाटच झाली. पारावरच्या स्नेह्याच्या बोलण्यात खरे टोचणारे होते ते निराळेच. जो भरीत खाऊ शकतो तो काम करू शकतो, असे आपण मनात धरून चालतो. वास्तविक कातडीची जखम पंधरवड्यात भरलेली दिसते, पण आतल्या पडद्याला बळ येण्यास कित्येक आठवडे लागतात. पाय चालतात म्हणून पोट घड उचलू शकेल असे नाही. हे आपल्याला समजत नाही असेही नाही. पण विश्रांतीच्या बदल्यात आपल्याला दुखणेकऱ्याकडून काहीतरी वसूल करावयाचे असते. त्याचा उतरलेला चेहरा हाच आपल्या लेखी रजेचा दाखला. तो हसला की दाखला रद्द!

हे मी दुसऱ्यांविषयी लिहीत आहे असे वाचकांनी समजू नये.

बारा वर्षांपूर्वी आमच्याकडे जे सालदार होते, त्यांची हीच शस्त्रक्रिया झाली होती. विसाव्या दिवशी ते मला बऱ्हाणपुरात बाजारात दिसले. नातवाचे बोट धरलेले, हातात मावाजिलेबीचा कागद. मी भर रस्त्यात म्हणालो, "जिलेबीपर्यंत पाय पोहोचतात, मग मळ्यापर्यंत का पोहोचत नाहीत?" ते काही बोलले नाहीत. हातातला कागद त्यांनी नातवाकडे दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मळ्यात हजर झाले आणि आठवड्याभरात केळीचे घड खांद्यावर घेऊ लागले. पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा गोळा आला. दोन्ही गोष्टींचा संबंध मी जोडला नाही. जोडणे मला सोयीचे नव्हते.

माझे सहा आठवडे भावाच्या खांद्यावर उभे होते. त्यांचे उभे राहण्यास कोणाचा खांदा नव्हता. माझ्या आनंदाविषयीची माझी सारी अस्वस्थता तपासून पाहिली तेव्हा तिच्या तळाशी भरीत नव्हते, तापी नव्हती, भावाचे जागरणही नव्हते. भावाला तर मी एकदा सरळच विचारले होते. तो म्हणाला, "दादा, तुम्ही ओट्यावर बसून आम्हाला पाण्याच्या पाळ्या समजावता, त्यापेक्षा रावेरला गेलेले आम्हाला परवडते!" त्याचे माझ्याकडे काही येणे नव्हते. येणे होते ते दुसऱ्याच कोणाचे.

पाचव्या आठवड्यात रोजच्या फिरण्याची दिशा मी बदलली आणि त्यांच्या घरी गेलो. त्यांनी काम सोडून आता बरीच वर्षे झाली आहेत. ते अंगणात बाजेवर बसले होते. बोट धरून चालणारा तो नातू आता मिशा फुटलेला झाला आहे. त्याने माझ्यासाठी आतून खुर्ची आणली. जे बोलावयास गेलो होतो ते मी कसेबसे बोललो. मनात जुळवून नेलेली वाक्ये तेथे उपयोगी पडली नाहीत.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ती जिलेबी तशी गारच झाली होती, आप्पा."

याचा अर्थ क्षमा असा करावा की नाही, हे मला आजही ठरविता आलेले नाही. त्यांनी विचारले, "तुमची बाजू कोणती?" मी डावीकडे हात ठेवला. "माझी उजवी," ते म्हणाले, आणि खोकला आला की उशी दोन्ही हातांनी दाबून कशी धरावी ते करून दाखवू लागले. ती युक्ती मला ठाऊक होती, पण मी पुन्हा शिकून घेतली. सुनेने चहा आणला. थंडीत टाक्याची जागा ओढते काय, कुशीवर झोप लागते काय, अशा गोष्टी करीत आम्ही दिवेलागणीपर्यंत बसलो.