आपला गिझर आपणच

स्वतःची कामं स्वतः करावीत, असं लहानपणी मला ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्यांच्यापैकी एकाच्याही घरी गिझर नव्हता. बंब होता. बंबाशी स्वावलंबन सोपं. मधून धुराडं, त्यात जाळ, भोवती पाणी आणि वर उघडं नरसाळं. पाणी फारच तापलं तर नरसाळ्यातून उसळायचं, वाफ छताकडे जायची आणि बंब पुन्हा आपल्या जागी शांत. मनात काही कोंडून ठेवायचा त्याचा स्वभावच नव्हता.

गिझर मात्र कोंडून ठेवणाऱ्यांपैकी. आमच्या कुर्डुवाडीच्या घरातला पंचवीस लिटरचा गिझर बुडातून गळू लागला. बोअरचं पाणी जड. क्षारांनी आतून काय काय केलं असेल ते त्यालाच ठाऊक. टाकीच गळायला लागली की तिथे औषधोपचार नसतो, नवा आणावा लागतो. तो आणला. त्याच्या खोक्यातल्या पुस्तिकेत एका पानावर ‘हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे’ असं बजावलं होतं आणि पुढच्याच पानावर ते कसं करायचं याची सुबक आकृती होती!

आकृतीत होतं तरी काय? भिंतीत खिळे, दोन नळ्या, एक प्लग. आणि प्लंबर तर चार दिवस ‘उद्या येतो’ म्हणत होता. शिवाय आपल्याकडे हातानं काम करणाऱ्याला मिस्त्री म्हणतात आणि न करणाऱ्याला साहेब. साहेबानं कधी पाना हातात घेतला, की घरात कौतुक होतं. त्या कौतुकाचा मोह मला नव्हता असं नाही.

म्हणून आधी कायदा पाहिला. १९५६ च्या वीज नियमांतला पंचेचाळिसावा नियम सांगायचा की विजेचं काम परवाना असलेल्या ठेकेदाराकडूनच करून घ्यावं. मात्र दिवे, पंखे, बटणं, घरगुती उपकरणं मूळ जोडणीची क्षमता आणि स्वरूप न बदलता बदलायला मोकळीक. ते नियम पुढे बदलले, ही मोकळीक राहिली. म्हणजे जुना गिझर काढून तसलाच नवा लावायला सरकारची ना नाही. झालं! कायद्यानं अंग काढून घेतलं, की प्रश्न आपल्या गळ्यात येतो आणि त्याला नीतिशास्त्र म्हणतात.

त्यातून आमचं गाव रेल्वेचं. १८९७ साली इथून बार्शीकडे अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी सुटली, वर्कशॉपही इथलंच. त्यामुळे ज्या घरात पाना नाही अशा घरात इथे मुलगी देत नसावेत. आमचे शेजारी त्याच वर्कशॉपातून निवृत्त झालेले, वाफेच्या इंजिनांवर उमेदवारी केलेले. त्यांनी खोक्यात डोकावून सेफ्टी व्हॉल्व्ह उचलला.

“मास्तर, इंजिनाच्या बॉयलरला भट्टीच्या माथ्यावर शिशाचा प्लग असायचा. पाणी कमी पडलं की शिसं वितळायचं अन् वाफ आगीवर यायची. हा त्याचाच धाकटा भाऊ समजा. थेंब गळतो म्हणून ह्याचं तोंड बांधू नका.”

तोंड बांधलं आणि आतला थर्मोस्टॅट, कटआउट दोन्ही अडकून बसले, तर कोंडलेलं पाणी शंभर अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही. टाकी फुटली की मग त्यातलं काही एकदम वाफ होतं, आणि वाफेला पाण्याच्या सोळाशेपट जागा लागते. आमची न्हाणी चार बाय पाच.

पण मला अडवलं ते वाफेनं नव्हे, अर्थिंगनं. पाण्याची चूक प्रामाणिक असते. नळी नीट बसली नाही तर पाच मिनिटांत ती तुमच्याच टाळक्यावर टपकते. विजेची तशी नाही. अर्थिंग असो वा नसो, पाणी तितकंच तापतं, लाल दिवा तितकाच लागतो, कौतुकही तितकंच होतं. चूक भिंतीत गप्प बसून राहते, ओल्या हातानं कोणी नळ धरीपर्यंत.

आणि आमच्याकडे तो नळ पहिल्यांदा कोण धरतं? पहाटे पाचला आई. वय ब्याऐंशी. नंतर ही, नंतर मुलं, आणि पेपर संपल्यावर मी. म्हणजे स्वावलंबन माझं आणि परीक्षा आईची! तिला कोणी विचारलंही नव्हतं.

बरं, मिस्त्री बोलावला म्हणजे सुटलो का? भटजींना दक्षिणा दिली की पुण्य आपलं, तसं मिस्त्रीला मजुरी दिली की पाप त्याचं, असा आपला एक सोयीचा हिशेब असतो. अर्थिंग तपासलंस का, असं मी आजवर एकाही मिस्त्रीला विचारलेलं नाही. चहा मात्र प्रत्येकाला विचारला आहे.

शेजारी म्हणाले, “आमच्यात बसवणारा एक अन् तपासून सही करणारा दुसरा.”

तेव्हा असं ठरलं : खिळे आणि नळ्या माझ्याकडे, शेजाऱ्यांच्या नजरेखाली. सॉकेट, अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा तीस मिलिअँपियरचा ब्रेकर परवानेवाल्या इलेक्ट्रिशियनकडे, मीटर लावून. आणि पहिली आंघोळ माझी.

भर जानेवारीत पहाटे पाऊण तास आधी पंचा घेऊन न्हाणीच्या दाराशी उभा राहिलो, तर आई मागून म्हणाली, “काय रे, सोवळं पाळायला लागलास की काय?”