मीठ आणि मेहनताना

नमकहराम हा शब्द फारसी-उर्दूच्या वाटेने मराठीत आला आणि मराठीचाच होऊन गेला. ज्याचे मीठ खाल्ले त्याच्याशी बेइमानी करणारा, हा त्याचा अर्थ. शब्द लहान, पण त्याचा धाक मोठा. आमच्या विट्यात एका माणसाने या शब्दापायी आपल्या हक्काचे पैसे सोडून दिले. आणि तो शब्द त्याला ऐकवणारे दुसरेतिसरे कुणी नव्हते, आम्हीच होतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या वर्गातल्या एका मुलाचे वडील सायझिंगमध्ये रोजंदारीवर होते. विटा हे यंत्रमागाचे गाव. सूत मागावर चढण्यापूर्वी त्याला खळ लावून, वाळवून बीम भरतात, ते काम सायझिंगमध्ये चालते. वाफ, उकाडा आणि बारा तासांची पाळी. रोज मिळायचा तो आठ तासांचा. वरच्या तासांबद्दल चहा आणि ईदला थोडी बक्षिसी. एका संध्याकाळी ते वही घेऊन आमच्याकडे आले. रोज कामावर किती वाजता गेलो, किती वाजता सुटलो, हे त्यांनी उर्दू आकड्यांत नेमाने लिहून ठेवले होते. म्हणाले, "सर, कामगार कार्यालयात द्यायला अर्ज लिहून द्या."

आम्ही बी.एड. झालेले, चार बुके शिकलेले. आम्ही म्हणालो, "चाचा, मुलीच्या लग्नाला उचल मालकानेच दिली ना? ज्याचे मीठ खाल्ले त्याच्यावर केस करणार?" त्यांनी वही मिटली. "तुम्ही शिकलेली माणसं. तुम्ही म्हणता तसं," एवढेच बोलून ते गेले.

पुढे कायदा वाचला तेव्हा आमची आम्हालाच शरम वाटली. १९४८ च्या कारखाना कायद्याप्रमाणे दिवसाला नऊ किंवा आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांच्या वर काम झाले, तर त्या जादा कामाला दुप्पट दराने पैसे देणे बंधनकारक होते. आणि वेतन अदायगी कायद्याखाली अर्ज करायला तेव्हा बारा महिन्यांची मुदत असे. म्हणजे चाचा गप्प बसले तसतसा मागचा एकेक महिना मुदतीबाहेर गळत गेला. आमच्या एका वाक्याची ही किंमत होती, आणि ती आम्ही नव्हे, त्यांनी भरली.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आपल्याच मालकाविरुद्ध दावा करणे ही बेइमानी आहे काय?

उचल हे कर्ज होते. चाचा ते आठवड्याला थोडे थोडे कापून घेऊ देत होते. ईदची बक्षिसी हा एहसान होता, त्याचे आभार मानावेत. पण जादा तासांचे पैसे हे कर्ज नव्हे आणि एहसानही नव्हे. ती चाचांची अमानत होती, मालकाच्या गल्ल्यात पडून राहिलेली. अमानत परत मागणाऱ्याला कृतघ्न कसे म्हणावे? मीठ कुणी कुणाचे खाल्ले, हाही हिशेब एकदा मांडून पाहावा. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही पैगंबरांची (स.) शिकवण आपण मुलांना पाठ करायला लावतो. मापात मारणाऱ्यांना कुरआनने कडक ताकीद दिली आहे, तीही सांगतो. पण माप फक्त तराजूचेच असते काय? घड्याळही मापच आहे.

आमच्या खानापूर तालुक्यातले गलाई व्यावसायिक देशभर सोने-चांदी गाळतात. सराफाच्या दुकानातला केरसुद्धा ते गाळून पाहतात, कारण त्यात सोन्याचा कण असतो. त्याला कुणी हावरटपणा म्हणत नाही. मग मजुराने आपल्या तासांचे कण वेचले, तर तोच लोभी कसा?

मालकाची बाजूही खोटी नाही. सुताचे भाव, विजेचे बिल, व्यापाऱ्याकडे अडकलेली रक्कम, यात लहान मालकही पिळून निघतो. पण मंदीचा भार वाटून घ्यायचा असेल तर मजुराला विचारावे. न विचारता त्याच्या ताटातून काढून घेणे हे वाटून घेणे नव्हे. करोनाच्या काळात, १७ एप्रिल २०२० रोजी, गुजरात सरकारने कारखान्यांत बारा तासांच्या कामाला परवानगी दिली आणि जादा कामाचा दुप्पट दर काढून घेतला. गुजरात मजदूर सभेने त्याला आव्हान दिले. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि मधल्या काळातले जादा कामाचे पैसे द्यायला लावले. संकटाचे ओझे एकट्या मजुराच्या खांद्यावर टाकता येत नाही, हा त्या निकालाचा सार. त्याआधी १९८२ मध्ये, दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात, न्या. भगवती आणि न्या. बहारुल इस्लाम यांनी किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर घेतलेले काम ही वेठबिगारीच ठरवली होती. आमच्या शेजारच्या इचलकरंजीतही २०१५ मध्ये सायझिंग कामगारांनी सुधारित किमान वेतनासाठी दीर्घ संप केला होता. ही सगळी माणसे नमकहराम होती काय?

वाचकहो, हा सवाल फक्त कारखानदाराला नाही. घर रंगवणाऱ्याला 'एवढी भिंत करून जा' म्हणत रात्र करणारे आणि चहावर भागवणारे आपणही असतो. आम्हीही होतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी वेतन संहिता लागू झाली. जादा कामाला दुप्पट दर तिच्यातही आहे. दावा करायला आता तीन वर्षांची मुदत आहे, आणि पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. ही माहिती घेऊन आम्ही चाचांकडे गेलो, आमची चूक कबूल केली, माफी मागितली. ते रागावले नाहीत. त्यांनी आत जाऊन एक वही आणली. ती जुनी वही नव्हती. अक्षर त्यांच्या मुलाचे, आमच्या विद्यार्थ्याचे होते. तोही आता बारा तासांच्या पाळीवर जातो.

"सर," ते म्हणाले, "माझं राहू द्या. ह्याचा अर्ज लिहा."

या वेळी आम्ही कागद घेतला.