हवेचा पापुद्रा

मडके विकत घेताना ते वाजवून पाहावे, हे आम्हा धाराशिव जिल्ह्यातल्या माणसांना कोणी शिकवावे लागत नाही. आमच्या तेरच्या गोरोबाकाकांनी थापटणे हाती घेऊन संतांची डोकीसुद्धा वाजवून पाहिली आणि नामदेवांना कच्चे ठरवले, ही कथा इथली पोरेही सांगतात. पण काकांच्या पारखीतली एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. हे मडके त्या मडक्यासारखे उतरले आहे का, असे त्यांनी पाहिले नाही. ते भाजले आहे का, एवढेच पाहिले.

मी मात्र आयुष्यभर उलटे करीत आलो. कादंबरीवरून काढलेला चित्रपट पाहायला बसलो, की मूळ पुस्तक जणू माझ्या मांडीवर उघडे असते. पडद्यावर जरा निराळे घडले, की मास्तरांच्या तांबड्या शाईने मी रेघ ओढतो. त्यातून तो चित्रपट दुसऱ्यांदा काढलेला असला, तर विचारूच नका. मग दोन दोन वह्या तपासायच्या!

गेल्या दिवाळीत मुलगी माहेरी आली होती. फराळाचे ताट मध्ये ठेवून आम्ही ‘सोलारिस’ पाहायला बसलो. पोलंडचे लेखक स्तानिस्लाव लेम यांची ही विज्ञान कादंबरी १९६१ सालची. तारकोव्स्की यांनी १९७२ साली तिच्यावर रशियन चित्रपट काढला आणि स्टीव्हन सोडरबर्ग यांनी २००२ साली अमेरिकेत पुन्हा काढला. आम्ही पाहत होतो तो हा नवा. कथा थोडक्यात अशी : एका दूरच्या ग्रहावर अथांग समुद्र आहे आणि तो समुद्रच सजीव आहे. तिथल्या संशोधन केंद्रात केल्विन नावाचा मानसशास्त्रज्ञ जातो, तो त्याची मेलेली बायकोच त्याच्यापुढे येऊन उभी राहते. समुद्राने तिला घडवलेले असते ते केल्विनच्याच आठवणींतून.

पहिला चित्रपट लेम यांना रुचला नव्हता. दुसऱ्याबद्दल तर त्यांनी, तो न पाहताच, परीक्षणे वाचून नाराजी लिहिली. माणसाला कधीच न उमगणारा तो समुद्र मागे पडला आणि प्रेमकथा पुढे आली, ही त्यांची तक्रार. मूळ लेखकच असे करतो, तिथे माझ्यासारख्याची काय कथा?

शेवटी पडद्यावर नवराबायको पुन्हा एकत्र आली आणि मी खवळलो. “पुस्तकातला शेवट कुठे गेला? केल्विन समुद्रावर जातो, लाटेपुढे हात धरतो आणि लाट त्याचा हात हातात घेते!”

“बाबा, नक्की असंच आहे?” मुलीने विचारले.

“हे पुस्तक मी आणि तुझ्या आईने मिळून वाचलंय!” मी म्हणालो. यावर कोण काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी तिला दाखवण्यासाठी मी जुनी प्रत काढली. लाट केल्विनच्या हाताभोवती येते हे खरे. पण ती शिवत नाही. लाट आणि त्याचा हातमोजा यांच्यामध्ये हवेचा एक पातळ पापुद्रा राहतो.

मला वाटले, भाषांतराची चूक. माझी प्रत १९७० सालच्या इंग्रजी भाषांतराची, आणि ते केलेले पोलिशवरून नव्हे, फ्रेंच भाषांतरावरून. त्यात बायकोचे ‘हारे’ हे नावदेखील ‘रेया’ झाले आहे, आणि अमेरिकन चित्रपटाने तेच उचलले. मुलीने २०११ साली थेट पोलिशवरून झालेले भाषांतर मिळवून दिले. त्यातही हवा होतीच.

मग हात हातात कोणी घेतला? पुष्कळ वेळाने आठवले. ते पान वाचून ही म्हणाली होती, “शिवली असती तर बरं झालं असतं, नाही?” तिला जाऊन सहा वर्षे झाली. तिची इच्छा माझ्या मनात पुस्तक होऊन बसली होती.

मुलीला हे सांगितले, तेव्हा ती जरा थांबून म्हणाली, “आईचंही तुम्ही असंच करता, बाबा. आई कधी रागावली नाही, असं पाहुण्यांना सांगता. आई रागवायची. तुमच्यावरच रागवायची. ते का गाळता?”

मला उत्तर सुचले नाही. केल्विनला आठवते तेवढीच समुद्रातून आलेली त्याची बायको. मला सोयीची वाटते तेवढीच माझी. मुळाशी इमान राखायचे ते यासाठीच, असे मला आता वाटते. पुस्तक काय किंवा गेलेले माणूस काय, “मी अशी नव्हते” म्हणायला ती परत येत नाहीत. गोरोबांचे आख्यान प्रत्येक कीर्तनकार आपल्या परीने रंगवतो, वाढवतो. पण भजनाच्या तंद्रीत चिखल तुडवताना पोटचे मूल पायाखाली आले, हे कोणी गाळत नाही. गाळले तर कथा गोड होईल; गोरोबांची राहणार नाही. नावे बदला, प्रसंग बदला. मुळात जे खुपते, ते तेवढे राहू द्या. आणि ते राहिले की नाही हे सांगण्यापूर्वी पुस्तक पुन्हा उघडा.

या हिशेबाने सोडरबर्ग यांचे मडके वाजवून पाहिले, तर ते पक्के आहे. पाणी मात्र दुसऱ्या विहिरीचे आहे. मधला पापुद्रा त्यांनी काढून टाकला. पण तो तर मीही काढला होता.

यंदा पाहुणे आले, की मी खरे सांगणार आहे. हे पुस्तक आम्ही मिळून वाचत होतो, आणि शेवटचे प्रकरण मी तिच्याआधी, एकट्यानेच वाचून टाकले. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने ते वाचले, पुस्तक मिटले आणि मग म्हणाली, “शिवली असती तर बरं झालं असतं, नाही?”