जिभेला न कळणारं

दर्यापूरच्या माणसाला पाण्याची पारख शिकवावी लागत नाही. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. विहिरीचा एक घोट तोंडात घेतला, की जीभ लगेच निवाडा देते. म्हणून तर शहानूर धरणाचं गोडं पाणी नळाला आलं, की माठ, पिंप, हंडे सगळं भरून ठेवायचं. पाणी गोडं लागलं, की मनही निर्धास्त होतं.

पण जिभेला मीठ कळतं, अमीबा कळत नाही. आणि हा अमीबा भल्याभल्यांना चकवून गेला आहे. आव पाडणारा, आतड्याला जखमा करणारा एंटामीबा हिस्टोलिटिका आणि पोटात निमूट राहणारा एंटामीबा डिस्पार, दोघांच्या पुटी, म्हणजे कवचात बंद झालेले अमीबा, सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब सारख्या दिसतात. हे दोन वेगळे जीव आहेत, असं फ्रान्सच्या एमिल ब्रुम्प्ट यांनी १९२५ मध्ये सांगितलं. डोळ्यांना फरक दिसेना, म्हणून बहुतेकांना ते पटलं नाही. एकाच अमीबाचे हे दोन वाण, असंच लोक धरून चालले. पुढे १९७८ मध्ये लंडनच्या सार्जंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अमीबांची विकरं, म्हणजे त्यांच्यातली काम करणारी प्रथिनं, तपासली. फरक तिथे होता. नंतर हेही कळलं, की आतड्याला चिकटायचं प्रथिन दोघांकडे आहे, पण त्याची घडण वेगळी. ऊती कुरतडणारं एक जोरकस विकर तर डिस्पारकडे धड नाहीच. १९९३ मध्ये या दोन जाती रीतसर वेगळ्या मानल्या गेल्या. ब्रुम्प्ट १९५१ मध्येच वारले होते. त्यांचं म्हणणं खरं ठरलेलं त्यांना पाहायला मिळालं नाही, याची मला फार हळहळ वाटते.

जिथे तज्ज्ञांचे डोळे फसले, तिथे आपण माठात डोकावून काय ओळखणार? माणसाकडे पाहूनही ओळखता येत नाही. हिस्टोलिटिका पोटात असलेल्या दहांतल्या सुमारे नऊ जणांना काहीच त्रास होत नाही. ती माणसं धडधाकट हिंडतात, स्वयंपाक करतात, पाणी वाढतात. पुटी मात्र त्यांच्या हातांवरून पुढे जाऊ शकते. नळाच्या पाण्यातल्या नेहमीच्या क्लोरीनला ती दाद देत नाही. पाणी खळखळून उकळलं, की मरते.

म्हणून हात धुणं हे फक्त आजारी माणसाचं काम नाही. शौचाहून आल्यावर, कणीक मळायला बसण्याआधी, लेकराला घास भरवण्याआधी साबण लावून नखांपर्यंत हात चोळायला अर्धं मिनिटही लागत नाही. माठात पेला बुडवायचा नाही, लांब दांड्याच्या ओगराळ्यानं पाणी घ्यायचं. आपल्याला काही झालेलं नसतानाही आपण हे करतो, ते आपल्यामागून त्याच माठातलं पाणी पिणाऱ्यासाठी. घरात तो बहुधा सगळ्यांत लहान असतो.