फुकट थांबवलेलं मशीन

डोंबिवली एमआयडीसीतल्या एका प्रोसेस हाऊसमध्ये ठाण्याहून नवा डाइंग मास्टर आला. कामात हुशार, पण जीभ तिखट. पहिल्याच आठवड्यात एक वयस्कर हेल्पर काहीतरी सांगायला आला, तर मास्टरनं त्याला सगळ्यांदेखत झापलं, "तू माल भर. डोकं चालवायला मी आहे."

मे महिन्यात पाणीकपात लागली. बारवी धरणातून येणारं पाणी पुरेना, म्हणून टँकर मागवले. त्या पाण्यानं हात धुताना हेल्परच्या लक्षात आलं, साबणाला फेसच येत नाही. म्हणजे पाणी जड. अशा पाण्यात रंग नीट चढत नाही, कापडावर डाग उठतात, हे जेट मशीनपाशी उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला कुणी शिकवायला नको. तो केबिनच्या दारापर्यंत गेला, थबकला आणि परत येऊन माल भरू लागला.

अख्खा लॉट डागाळून निघाला.

"एकाच्याही लक्षात आलं नाही?" मास्टर कडाडला.

"माझ्या आलं होतं साहेब," हेल्पर म्हणाला, "पण डोकं तुम्ही चालवणार होतात."

मास्टर निरुत्तर झाला. मालकापुढे मात्र त्यानं कुणाकडे बोट दाखवलं नाही. "पाणी तपासून घेणं माझं काम होतं," एवढंच तो म्हणाला. ही बातमी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांपर्यंत पोचली.

दुसऱ्या दिवसापासून शिफ्ट सुरू होताना मास्टर मशीनपाशी येऊन उभा राहू लागला. पहिला प्रश्न हेल्परना, "काही वेगळं वाटतंय का?" सगळे म्हणायचे, "नाही साहेब." नव्याचे नऊ दिवस, असं मागे कुजबुजायचे.

एकदा तोच हेल्पर म्हणाला, "पंपाचा आवाज बदललाय." ऑर्डर घाईची होती, तरी मास्टरनं मशीन थांबवलं. फिटरनं पंप खोलला. दोष काहीच नव्हता. पत्र्याचं झाकण सैल होऊन वाजत होतं. वेळ फुकट गेला. सगळे मास्टरच्या तोंडाकडे बघू लागले.

"झाकण तरी घट्ट झालं," मास्टर म्हणाला. "काका, पुढेही नुसती शंका आली तरी सांगत जा."

काही महिन्यांनी कल्याणहून येणारा एक नवा पोरगा धावत आला. "बॉयलरच्या काचेतलं पाणी मघापासून हललेलंच नाही!" चालू बॉयलरमध्ये पातळी थोडी तरी वरखाली होत असते. अटेंडंटनं आधी आग बंद केली, मग काच तपासली. तिची वाट गाळानं तुंबली होती. आतलं पाणी केव्हाच खाली गेलं होतं. 2016 आणि 2024 च्या मे महिन्यांत याच एमआयडीसीतल्या कारखान्यांमध्ये झालेले स्फोट सगळ्यांना आठवत होते. काय टळलं, हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

मास्टरनं पोराला विचारलं, "कालपरवा आलास, बोलायची भीती नाही वाटली?"

"काकांनी सांगितलं होतं," पोरगा म्हणाला, "इथे शंका चुकली तरी कुणी ओरडत नाही."

तात्पर्य : चुकीच्या शंकेवर जो चिडत नाही, त्याच्याच कानावर खरा धोका वेळेत येतो.